निवृत्तांची वसाहत आणि म्हाताऱ्यांचे गाव

आमच्या पक्षाचे एक जुने हितचिंतक, उभी हयात माध्यमिक शाळेत गणित शिकविण्यात घालविलेले, यांनी गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मला गळ घातली. कर्जत तालुक्यात खास निवृत्तांसाठी म्हणून एक वसाहत उभी राहत आहे. तिथे घर घ्यावे की न घ्यावे याचा निर्णय करायचा होता. मुलगा परदेशी, पत्नीचे गुडघे गेलेले, दादरच्या चाळीतला जिना तीन मजल्यांचा. ‘तुमचा खेड्यापाड्यांशी संबंध आहे. जागा पारखून सांगा’, असे ते म्हणाले. मी गेलो, जागा पाहिली आणि त्यांना काय ते सांगितले. परंतु परत येताना गाडीत जो वाद झाला तो त्या एका घरापुरता राहिला नाही. पक्षाच्या कार्यकर्त्यांनीही त्यात पडावे असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

जागा दाखविणारा तरुण चुणचुणीत होता. दारे किती रुंद, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या कुठे, फरशी कशी निसरडी नाही, हे तो मोजपट्टी घेतल्यासारखे सांगत होता, आणि त्यात खोटे काही नव्हते. केंद्र शासनाने २०१९ साली निवृत्तनिवासांसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वे काढली, पुढे २०२४ मध्ये महारेराने आपल्या राज्यासाठी तशीच तत्त्वे आणली. दार किमान ९०० मिलिमीटर रुंद असावे, एकाहून अधिक मजले असतील तर उद्वाहक असावा, जिन्याला कठडे असावेत, असे त्यांत बारकाईने लिहिले आहे. ही तत्त्वे चांगली आहेत. त्यांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. दादरच्या त्या जिन्याने किती म्हाताऱ्या माणसांना घरातच डांबून ठेवले आहे हे मी पाहिले आहे. परंतु दार मोजणाऱ्या शासनाने दारापासून डॉक्टरपर्यंतचे अंतर मोजावयास नको होते काय? कुंपणाच्या आतल्या सुखसोयींची यादी मिलिमीटरपर्यंत, आणि कुंपणाच्या बाहेरच्या मुलुखाविषयी अवाक्षर नाही. जणू वसाहत कर्जतच्या मातीवर नव्हे, तर हवेत तरंगत उभी राहणार आहे!

फाटकाशी एक पहारेकरी बसला होता. ठाकर समाजाचा, शेजारच्याच वाडीतला. बारा तासांची पाळी. मी वय विचारले. ‘सत्तरच्या वर असंल,’ तो म्हणाला, ‘पन आधारावर एकसष्ट लिवलंय.’ म्हणजे पासष्ट वर्षांची अट असलेली श्रावणबाळ योजना त्याला अजून चार वर्षे लागू होणार नाही. ज्या माळावर आता सिमेंटचे खांब उभे आहेत तिथे त्याचा बाप वरी-नाचणी करीत असे; जमीन मालकाच्या नावावर, कसणूक यांची, कागद कसलाच नाही. मालकाने ती विकली. म्हाताऱ्या माणसांच्या वसाहतीचे रक्षण करण्यासाठी एक म्हातारा माणूस रात्रभर जागा राहतो, आणि तो म्हातारा आहे हे शासनाच्या दप्तरी सिद्ध होत नाही.

हा भाग निवृत्तीनंतर राहण्यास योग्य आहे काय, हा प्रश्न विचारणे गैर नव्हे. मात्र तो प्रश्न इतकी वर्षे कोणी कोणाला विचारला, हे पाहावे. २०११च्या जनगणनेप्रमाणे या देशात साठी ओलांडलेली माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती, आणि त्यांतली सात कोटींहून अधिक खेड्यांत राहत होती. म्हणजे दहांतले सात म्हातारे खेड्यातच आहेत. त्यांनी जागा निवडली नाही. ती राहण्यास योग्य आहे की नाही हे सांगण्याचा अधिकार मात्र, अनुभवाने पाहता, सर्वांत आधी त्यांचा आहे. कर्जत, खालापूर, मुळशी, मावळ या तालुक्यांच्या योग्यतेविषयी ज्यांना अहवाल हवा असेल त्यांनी जाहिरातीतली छायाचित्रे पाहू नयेत. वाडीवरच्या सत्तरीतल्या बाईला पावसाळ्यात रात्री छातीत कळ आली तर काय होते, एवढेच विचारावे.

काय होते? उपकेंद्र बंद असते. डोंगरी व आदिवासी भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र आणि वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा कागदावरचा दंडक आहे. केंद्राची इमारत असते. वैद्यकीय अधिकारी असेलच असे नाही. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, तिने पुष्कळ जीव वाचविले हे कबूल केलेच पाहिजे; परंतु ती पक्क्या रस्त्यापर्यंत येते. तिथवर बाई झोळीतून यावयाची. पक्षाघाताच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते देण्याआधी मेंदूचे चित्रण करावे लागते. झोळी, जीप, प्राथमिक केंद्र, तिथून उपजिल्हा रुग्णालय, तिथून पनवेल किंवा मुंबई, असा प्रवास साडेचार तासांत बसवून दाखवावा.

वसाहतीतल्या माणसाचे काय होते? त्याला कुंपणात परिचारिका आहे, दाराशी मोटार आहे, मुंबईच्या खाजगी रुग्णालयाशी करार आहे. ज्या जागेत बाई मरते त्याच जागेत तो वाचतो. मग योग्यता जागेची, की पाकिटाची?

येथे आमचे सर म्हणाले, ‘हे सगळीकडेच आहे. मुंबईत नाही का?’ आहे. पण खेड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे डोंगर आणि नदी; त्यांना पाकीट दिसत नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि चौऱ्याऐंशी माणसे गेली. त्यांतल्या सत्तावन्न जणांचे देहही हाती लागले नाहीत. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळिये. ही सर्व गावे सह्याद्रीच्या कुशीत होती. ‘सह्याद्रीच्या कुशीत’ हे शब्द आता प्रत्येक जाहिरातीत असतात. डोंगर तासून सपाटी काढणे, ओढा बुजवून रस्ता नेणे, उतारावर पाण्याच्या टाक्या चढविणे, या कामांचा जाब वरच्या घराला द्यावा लागत नाही, खालच्या वाडीला द्यावा लागतो. जागेची पारख करावयाची तर पहिली चाचणी ही: पावसाळ्यात या उतारावरचे पाणी कुठे जात होते, आणि आता कुठे जाणार? आमच्या सरांनी हा प्रश्न त्या तरुणाला विचारला. तो म्हणाला, सगळे ‘मॅनेज’ केले आहे.

दुसरी गोष्ट पाण्याचीच. वर्षाला शंभर इंच पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये आदिवासी वाड्या टँकरची वाट पाहतात. त्यांच्या शेजारी शेकडो घरांची वसाहत कूपनलिका मारणार. याचा हिशेब करण्यास भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही.

आता या प्रश्नाची एक बाजू अशी आहे की जिच्याविषयी जाहिरातदार बोलत नाहीत आणि दुर्दैवाने आमचे पुढारीही क्वचितच बोलतात. मुंबईच्या गिरणी कामगाराचे काय? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. ते आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. गिरण्या गेल्या, जमिनी राहिल्या. २००१ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमात असा बदल करण्यात आला की कामगारांच्या घरांसाठी आणि मोकळ्या जागेसाठी मिळावयाचा वाटा फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीवर मोजावयाचा. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. घरासाठी अर्ज करणारे कामगार व वारस सुमारे पावणेदोन लाख. मुंबईत जागा नाही असे त्यांना सांगण्यात आले. जागा कुठे आहे? मार्च २०२४च्या शासन निर्णयाने सुमारे ८१ हजार घरांसाठी ती काढून देण्यात आली, कर्जत तालुक्यातल्या शेलूला आणि शेजारच्या वांगणीला!

हेच ते वांगणी, जिथे २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर उतारूंना होड्यांतून बाहेर काढावे लागले. कामगारांनी ही जागा नाकारली. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या सर्व संघटना एकत्र येऊन आझाद मैदानावर मोर्चा घेऊन गेल्या. काठी टेकीत आलेले म्हातारे त्या मैदानावर बसले होते. त्यांचे म्हणणे साधे होते. आमचा दवाखाना के. ई. एम., आमची मुले कामाला परळ-लालबागला, आमची भजनी मंडळी, आमचे शेजार तिथे. आम्हांला तिथून उचलून शेलूला टाकू नका.

आणि आमचे सर शेलूपासून काही मैलांवर आपली आयुष्यभराची पुंजी घालावयास निघाले होते. एकाच तालुक्यातली माती कामगाराला हद्दपारी वाटते आणि पेन्शनराला वानप्रस्थ. दोघेही वेडे नाहीत. कामगाराला ठाऊक आहे की शासन त्याला तिथे नुसत्या भिंती देणार. सरांना वाटते की भिंतींखेरीज जे लागते ते ते विकत घेतील. ज्या दिवशी शेलूच्या सरकारी दवाखान्यात के. ई. एम.च्या निम्म्यानेही उपचार होतील त्या दिवशी या दोन्ही म्हाताऱ्यांचा प्रश्न निराळा असेल.

जमिनीचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यावर बोलू लागलो की आमच्या पिढीला थांबता येत नाही. तरी थोडक्यात सांगतो. १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनाने कुळाला जमिनीचा मालक केले. कुळवहिवाट कायद्याच्या ६३व्या कलमाने बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास मनाई केली. ही मनाई म्हणजे कुळाने मिळविलेल्या जमिनीभोवतीचे कुंपण होते. पुढे त्या कुंपणाला एकेक फाटक बसविण्यात आले: कधी उद्योगासाठी, कधी थंड हवेच्या ठिकाणासाठी, कधी किमान शंभर एकरांच्या विशेष नगरवसाहतीसाठी. मुळशीकर शेतकऱ्यांना हे नवे नाही. १९२१च्या एप्रिलमध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तेव्हाही त्यांना हेच सांगण्यात आले होते की तुमची बुडणारी जमीन मोठ्या कामासाठी जात आहे. मुंबईला वीज मिळाली. पाणलोटाच्या काठावरच्या कित्येक वाड्यांत मात्र ती पोहोचण्यास पिढ्या लागल्या. त्याच मुळशी तालुक्यात लवासा उभे करण्यात आले. तेथेही ज्येष्ठांसाठी म्हणून घरे विकण्यात आली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये लवासाची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. शेतकऱ्याची जमीन गेलीच होती. आता ज्यांनी उतारवयातला विसावा म्हणून घरे घेतली तेही दिवे, रस्ते आणि पाणी कोण पाहणार या चिंतेत पडले. खाजगी शहराला नगरपालिका नसते. मालक बुडाला की शहराचा वालीच बुडतो. निवृत्तीची पुंजी अशा जागी घालणाऱ्या मध्यमवर्गीयाने एवढे तरी ध्यानात घ्यावे की त्याचे आणि कुळाचे वैर नाही. दोघांचाही गळा एकाच दोरीत आहे.

‘पण गावाला रोजगार मिळतो ना?’ हा प्रश्न आमचेच काही मित्र विचारतात, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मिळतो. वाडीवरच्या मुली परिचारिकेच्या हाताखाली कामाला लागल्या आहेत, बाया स्वयंपाक-धुणे करतात. विटभट्टीवर जाण्यापेक्षा हे बरे, असे त्या स्वतःच सांगतात; त्यांच्यावर शहाणपणा शिकविणारे आपण कोण? तथापि या रोजगाराचे एक अंग मी त्या दिवशी पाहिले. पहारेकऱ्याची सून त्याच वसाहतीच्या तयार झालेल्या भागात एका अर्धांगवायू झालेल्या गृहस्थांची शुश्रूषा करते. त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून देणे, अंग पुसणे, भरविणे. ती हे काम मायेने करते असे तिथल्या लोकांनी सांगितले. तिची सासूही अंथरुणाला खिळलेली आहे. सासूला दर दोन तासांनी कूस बदलून देणारे घरी कोणी नसते. ती संध्याकाळी सून येईपर्यंत एका कुशीवर पडून असते. पाठीला जखमा झाल्या आहेत. म्हणजे त्या गावात शुश्रूषेचे कौशल्य नाही असे नव्हे, ते आहे. आणि ते गावातून विकत घेतले गेले आहे. घरेलू कामगारांसाठी २००८ साली या राज्यात कायदा झाला. त्या सुनेला त्या कायद्याने किमान वेतन, सुट्टी, नोंदणी यांतले काय मिळाले, हे तिला विचारले असता ती हसली.

या सर्वांत आपण, म्हणजे समाजवादी चळवळ, कुठे आहोत? माणूस हाताला काम आहे तोवर आपला. हात थकले की तो कुटुंबाचा. अशी आपली एक न बोललेली समजूत झालेली आहे. अपवाद आहेत. बाबा आढाव यांनी हमालांसाठी झगडताना म्हातारपणाचा विचार कधी सोडला नाही, आणि २०१२ मध्ये त्यांनी व अरुणा रॉय यांनी पेन्शन परिषदेच्या रूपाने असंघटित वृद्धांना दिल्लीत जंतरमंतरवर बसविले. किमान वेतनाच्या निम्म्याइतके निवृत्तिवेतन सर्वांना, ही त्यांची मागणी होती. तिचे काय झाले? केंद्राचा साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धासाठीचा वाटा २००६-०७ पासून महिना २०० रुपयांवर थिजला आहे. राज्याने आपली भर घालून २०२३ मध्ये रक्कम १,५०० केली, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. ते मिळविण्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे किंवा कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवे, अशी अट वर्षानुवर्षे राहिली. बारांनी भागून पाहा: महिना १,७५०. खोटे बोलल्याशिवाय कोणाही जिवंत कुटुंबाला ही अट पुरी करता येत नाही, आणि तलाठ्यापुढे खोटे बोलावयास लावणे हेच जणू या योजनेचे पहिले प्रशिक्षण आहे. कारखान्यात राबलेल्यांची कथा वेगळी नाही. १९९५च्या योजनेखालील किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये एक हजार ठरले.

२००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा झाला. त्याच्या १९व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम असावा असे आहे. पण शब्द कसा आहे? राज्य शासन असे आश्रम स्थापन ‘करू शकेल’. मुलाने आईबापांना पोसलेच पाहिजे, न पोसल्यास शिक्षा. शासनाने मात्र वाटल्यास पोसावे. एकाच कायद्यात मुलाला ‘पाहिजे’ आणि सरकारला ‘शकेल’!

कोणी म्हणेल, टीका पुष्कळ झाली, पर्याय सांगा. पर्याय दूर नाही. केरळात कोळिकोड येथे १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी असाध्य दुखण्यांच्या रुग्णांसाठी शुश्रूषेचे काम सुरू केले. मलप्पुरम जिल्ह्यात ते शेजारच्या माणसांनी, दुकानदारांनी, विद्यार्थ्यांनी, गृहिणींनी उचलले. २००८ मध्ये तेथील शासनाने त्याचे धोरण केले, आणि पंचायतींनी परिचारिका नेमून तिला घरोघर पाठविण्यास आरंभ केला. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकडे पंचायतीची परिचारिका जाते, जखम धुते, घरच्यांना कूस कशी बदलावी ते शिकविते. याला शंभर एकर लागत नाहीत, डोंगर तासावा लागत नाही. त्या पहारेकऱ्याच्या पत्नीच्या पाठीला ज्या जखमा आहेत त्यांवर याहून वेगळे औषध नाही.

वसाहती होऊच नयेत, असे माझे म्हणणे नाही. शहरातल्या एकाकी म्हाताऱ्याला चार समवयस्कांत राहावेसे वाटणे हा गुन्हा नव्हे, आणि तो खेड्यात आला तर खेड्याला एक शिकलेला, वेळ असलेला माणूस मिळतो. आमचे सर वाडीवरच्या मुलांना गणित शिकवू लागले तर मला आनंदच होईल. परंतु तो कुंपणाआड आला तर ना त्याला गाव मिळते, ना गावाला तो. म्हणून परवानगीच्या आधी काही गोष्टी ग्रामसभेपुढे लेखी आल्या पाहिजेत. वसाहतीचा दवाखाना आणि रुग्णवाहिका गावाला खुली असावी, कृपा म्हणून नव्हे, अट म्हणून. उन्हाळ्यात वाडीची विहीर आटली तर वसाहतीची कूपनलिका बंद होईल, हे आधी ठरावे. उताराची तपासणी विकासकाच्या अभियंत्याने नव्हे तर शासनाच्या भूवैज्ञानिकाने करावी आणि तिचा अहवाल चावडीवर लावावा. जमीन विकत घेण्याऐवजी मुदतीच्या भाडेपट्ट्याने घ्यावी, म्हणजे कंपनी बुडाली तर ती शेतकऱ्याकडे परत येईल. काम करणाऱ्या बायांची नोंदणी पहिल्या दिवशी व्हावी. आणि ज्यांच्या वयाच्या नोंदी चुकल्या आहेत त्या सर्व वृद्धांची वये ग्रामसभेच्या साक्षीने दुरुस्त करण्याची मोहीम महसूल खात्याने काढावी. हे शेवटचे काम तर कोणत्याही वसाहतीची वाट न पाहता आपल्या कार्यकर्त्यांना उद्यापासून सुरू करता येईल. शाळेचा दाखला नाही, पण थोरल्या मुलाचा असतो, आणि बापाचे वय त्यावरून सहज काढता येते.

कर्जत-खालापूर भागातील साथींनी येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हे विषय लेखी द्यावेत. विषय आधी कळविला नाही तर ग्रामसेवक तो ऐनवेळी घेत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. सरांनी अद्याप पैसे भरलेले नाहीत. त्यांनी त्या कंपनीला एक पत्र लिहून तीन प्रश्न विचारले आहेत: उतारावरचे पाणी, वाडीची विहीर, आणि फाटकावरच्या म्हाताऱ्याची पाळी बारा तासांची का. उत्तर आल्यास याच पानावर देईन.